खोलीवर गॅस आलाय म्हणून

चि. सोन्यास,


तुम्ही चौघांनी मिळून खोलीवर गॅस घेतल्याचं दादाने, तुझ्या बाबांनी, काल फोनवर सांगितलं. मेस रविवारी रात्री बंद असते, अभ्यासिकेतून यायला साडेदहा होतात आणि मग किटलीतली मॅगी नाहीतर वडापाव खाऊन झोपायचं, याला कंटाळून तुम्ही हे ठरवलंत. मला मनापासून आनंद झाला. वहिनीला मात्र काळजी लागली आहे आणि तिची काळजी खोटी नाही. म्हणून फोनवर चार वाक्यांत उरकण्यापेक्षा सविस्तर लिहिते आहे. पदार्थ कसे करायचे ते तुम्हाला मोबाइलवर हवं तेवढं सापडेल. त्या व्हिडिओंमध्ये जे सहसा सांगत नाहीत ते मी लिहिते. पत्र एकट्याने वाचू नकोस, चौघांनी वाचा. गॅस चौघांचा आहे.

शाळेत गृहविज्ञान शिकवताना मी पहिला तास पदार्थावर कधीच घेतला नाही, गॅसवर घ्यायचे. इथेही तेच करते.

टाकीतला घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर छताकडे जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि कोपऱ्यात, कॉटखाली साचून राहतो. तुम्ही त्याच खोलीत खाली गाद्या टाकून झोपता, म्हणून हे आधी सांगितलं. या गॅसला मुळात वास नसतो. गळती नाकाला कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं गंधकयुक्त द्रव्य मुद्दाम मिसळतात. तो वास आला की दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. दिवा बंद असेल तर बंद राहू दे, चालू असेल तर चालू राहू दे, कारण बटण दाबताना आत उडणारी बारीकशी ठिणगीही पुरते. पंखा लावून गॅस घालवायला जाऊ नकोस. रेग्युलेटर बंद कर, दार-खिडक्या सताड उघड, सगळ्यांना बाहेर काढ आणि बाहेर गेल्यावर १९०६ वर फोन कर. हा गॅसगळतीसाठीचा क्रमांक देशभर चालतो. चौघांच्याही फोनमध्ये तो आजच घालून ठेवा.

गळती नेहमी नळी फुटून होते असं नाही. विद्यार्थ्यांच्या खोल्यांवर जास्त भीती दुधाची असते. दूध तापत ठेवलं, मोबाइल हातात घेतला, दूध उतू गेलं, ज्योत विझली आणि गॅस तसाच सुरू राहिला. आपल्याकडच्या साध्या शेगड्यांत ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय नसते. म्हणून दूध तापताना शेगडीसमोरून हलायचं नाही. फोन आला तर आधी गॅस बंद, मग बोलणं. रात्री झोपताना नुसती शेगडीची चावी बंद करून भागत नाही, रेग्युलेटरही बंद करायचा. चौघांपैकी शेवटी जो झोपेल त्याचं हे काम, असं ठरवूनच टाका.

टाकी घेताना दोन गोष्टी बघ. टाकीच्या मानेशी ज्या उभ्या पट्ट्या असतात त्यांतल्या एकीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. 'ए २८' असेल तर त्या टाकीची पुढची तपासणी २०२८ च्या मार्चपर्यंत व्हायला हवी. मुदत उलटून गेलेली टाकी परत कर, डिलिव्हरीवाल्याने कितीही घाई केली तरी. दुसरी गोष्ट नळी. केशरी रंगाची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि ती कुठल्या साली बनली हे तिच्यावर छापलेलं असतं. गळतीची शंका आली तर जोडावर साबणाचं पाणी लाव. बुडबुडे आले की समजायचं. काडी ओढून कधीही बघायचं नाही. टाकी नेहमी उभी आणि शेगडी तिच्यापेक्षा उंचावर ठेवायची. तुमच्याकडे ओटा नसेल तर लोखंडी टेबल घ्या, पण शेगडी जमिनीवर मांडू नका.

आणखी एक. चौकातल्या दुकानात किलोच्या भावाने भरून मिळणाऱ्या त्या छोट्या टाक्या कृपा करून आणू नका. मोठ्या टाकीतला गॅस त्यांत हाताने काढून भरतात. ते बेकायदा आहे आणि त्या टाक्यांची तपासणी कुणी केलेली नसते. स्वस्तात मिळतात म्हणून मुलं घेतात, हे मला माहीत आहे. ५ किलोची अधिकृत टाकी ओळखपत्र दाखवून एजन्सीतून रीतसर मिळते. तेवढी तुम्हाला पुरेल.

इंडक्शनबद्दल थोडक्यात सांगते. २००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढते. तुमच्या टेबलापाशी असलेला साधा बोर्ड ६ अँपिअरचा असतो. त्यावर इंडक्शन आणि किटली एकदम लावली की वायर आतून तापते आणि भिंतीत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. १६ अँपिअरचं जाड पिनांचं सॉकेट असेल तरच ती लाव.

आता कुकर. तुम्ही सगळे त्याला घाबरता आणि शिट्ट्या मोजता. साध्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळतं आणि कितीही आंच वाढवली तरी त्यापुढे तापत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे ते सुमारे १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. देनी पापँ नावाच्या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली असं पहिलं भांडं केलं आणि वाफ जादा झाली तर बाहेर पडावी म्हणून त्याला झडपही त्यानेच बसवली. कुकरइतकीच झडपही जुनी आहे हे लक्षात ठेव. शिट्टी म्हणजे नुसती जादाची वाफ. शिजवते ती आतली उष्णता आणि वेळ. पहिली शिट्टी झाली की आंच मंद करून दहा-बारा मिनिटं ठेवलंस तर तूरडाळ मऊ होते, गॅसही वाचतो. कुकर दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही. डाळ थेट कुकरात लावलीस तर अर्ध्याच्याही खाली, कारण डाळ फेसाळते आणि तो फेस शिट्टीच्या नळीत जाऊन बसतो. झाकण लावण्याआधी ती नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते रोज बघ. आणि झाकण जोर लावून उघडायचं नाही. वाफ उतरली नसेल तर ते उघडत नाही, ही त्याची चांगली सवय आहे. भुकेच्या घाईत ती मोडू नका.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नकोस. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल चहूकडे उडवतं. गॅस बंद कर, वर मोठं झाकण किंवा ताट सरकव आणि हात लांब ठेव. कढई उचलून मोरीकडे पळायचं नाही. भाजलं तर जागा नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरायची. पूर्ण २०, घड्याळ लावून. त्यावर हळद, तूप, टूथपेस्ट, बर्फ काहीही नको. आपल्याकडे अजून घरोघरी टूथपेस्ट लावतात आणि मग डॉक्टरला ती खरवडून काढावी लागते. अंगठी, घड्याळ, हातातला दोरा आधी काढायचा, कारण पुढे सूज येते. फोड फोडायचा नाही. चेहरा किंवा सांध्यावर भाजलं असेल किंवा तळहाताहून मोठा भाग असेल तर १०८ ला फोन. शेगडीपाशी टेरिकॉटचा ट्रॅकसूट घालून उभं राहू नका. तो पेटला की वितळून कातडीला चिकटतो. सुती कपडे घाला.

एवढं सांभाळलं की मग करायला शिका. मी चारच गोष्टी सांगेन: फोडणी, पिठलं, वरण-भात आणि भाकरी. या चार आल्या की आपला बार्शीचा माणूस कुठेही उपाशी राहत नाही.

फोडणीला कढई कोरडी हवी, नाहीतर तेल अंगावर उडतं. तेल तापलं की मोहरी. ती पूर्ण तडतडू दे, अर्धी तडतडलेली मोहरी दाताखाली कडू लागते. मग जिरं, हिंग, लसूण ठेचून, शेवटी हळद. लाल तिखट मात्र गॅस बारीक करून किंवा बंद करूनच घाल. ते एका क्षणात करपतं आणि सगळ्या पेठेला ठसका लागतो. मसाल्यांतला वास आणि रंग तेलात उतरतो, पाण्यात तेवढा उतरत नाही, म्हणून फोडणी आधी. पिठल्यासाठी आपली आजी उकळत्या पाण्यात डाळीचं पीठ वैरायची आणि दुसऱ्या हाताने घोटायची. तुम्ही सुरुवातीला तसं करू नका, गुठळ्या होतील. पीठ थंड पाण्यात ताकासारखं कालवून घ्या आणि फोडणीत पाणी उकळलं की हलवत हलवत ओता. झाकण ठेवून पाच-सात मिनिटं मंद वाफ द्या. पीठ कच्चं राहिलं तर पोट दुखतं. वाटीभर पिठात चौघांचं रात्रीचं जेवण होतं, आणि तेही पंधरा मिनिटांत.

भाकरीला वेळ लागेल. ती जमत नाही तोवर पोळ्या किंवा पाव विकत आणा, पण प्रयत्न सोडू नका. गव्हात जे चिवट ग्लूटेन असतं ते ज्वारीत नाही, म्हणून नुसत्या गार पाण्यात पीठ मळलं की भाकरी थापताना कडा चिरतात. कढत पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी एकसंध राहते. पीठ ताजं हवं. जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा. दादा इकडून मालदांडी ज्वारी पाठवेल, ती आठवड्यापुरतीच दळून आणा. परातीत थापून तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर आली पाहिजे, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकलं की उलटायची आणि शेवटी आंचेवर फुगवायची. पहिल्या दहा-वीस भाकऱ्या नकाशासारख्या होतील. त्याही खा.

भाताबद्दल मला जरा थांबून लिहायचं आहे, कारण इथे आपल्या घरातली सवयच चुकीची आहे. रात्रीचा उरलेला भात पातेल्यात तसाच ओट्यावर ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात करायचा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूची बीजं असतात. भात शिजवला तरी ती मरत नाहीत. शिजलेला भात कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. सकाळी फोडणी दिली तरी ते विष नाहीसं होत नाही, कारण ते उष्णतेला दाद देत नाही. परिणाम म्हणजे काही तासांत उलट्या. ५ ते ६० अंशांच्या मधलं तापमान अशा जिवाणूंना मानवतं, आणि पुण्यातली मे महिन्याची रात्र त्यात नेमकी बसते. फ्रीज असेल तर भात ताटात पसरून निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचा. तुमच्याकडे फ्रीज नाही. मग मोजून लावा. एका माणसाला अर्धी-पाऊण वाटी तांदूळ पुरे होतात. फोडणीचा भात खायचाच असेल तर सकाळी ताजा भात लावून करा, चव तीच येते.

कोंबडी आणलीत तर ती नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर तिच्यावरचे जंतू ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर जातात. नीट शिजली की ते मरतात. ज्या सुरीने आणि पाटावर कच्ची कोंबडी कापली त्यावर साबणाने घासल्याशिवाय कांदा चिरायचा नाही. राजमा रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायचं आणि खळखळ उकळून शिजवायचा. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा विषारी असतो. आणि शेंगदाणा कडू, खवट, बुरशीचा लागला तर सगळी पिशवी टाकून द्या. त्या बुरशीचं विष भाजूनही जात नाही. शेंगाचटणी आपल्याला किती प्रिय आहे ते मला ठाऊक आहे, तरीही.

मेसमधल्या दोघा मित्रांनी प्रोटीन पावडरचा डबा घेतल्याचं तू मागे बोलला होतास. तुझं वजन ६० किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे तुला सुमारे ५० ग्रॅम. ज्वारीच्या तीन भाकऱ्यांतून अठराएक ग्रॅम मिळतात, दोन वाट्या घट्ट वरणातून किंवा उसळीतून चौदा, दोन अंड्यांतून बारा आणि मूठभर शेंगदाण्यांतून सात. ५१ झाले. डब्याची गरज कुठे आहे? अंडं खात नसेल त्याने दूध-दही वाढवावं, अधूनमधून सोयाबीनच्या वड्या कराव्यात. मात्र भाकरी आणि डाळ दोन्ही हवीत. धान्यात लायसिन कमी असतं ते डाळीत भरपूर असतं, आणि डाळीत मेथिओनिन कमी असतं ते धान्य भरून काढतं. पिठलं-भाकरी, वरण-भात, खिचडी या जोड्या आपल्या लोकांनी शतकानुशतकं खाल्ल्या आणि शास्त्राने त्या बरोबर ठरवल्या. तुमच्यातला जो मुलगा पूर्ण शाकाहारी आहे त्याला रोज दूध किंवा दही खायला सांग. बी-१२ जीवनसत्त्व भाजीपाल्यात मिळत नाही.

तुम्हा मुलांचं खरं अडतं ते भाज्यांपाशी. ताटाचा जवळजवळ अर्धा भाग भाज्या आणि फळांचा हवा, आणि मेसच्या ताटात बटाट्याचा रस्सा हीच भाजी असते. खोलीवर रोज काकडी, गाजर, टोमॅटो, मुळा यांतलं काहीतरी चिरा. त्याला गॅसही लागत नाही. आठवड्यातून दोनदा मेथी, पालक किंवा शेपू करा आणि वर लिंबू पिळा, लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे पाल्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं, चहा तासाभराने घ्या. हे तुझ्या वर्गातल्या मैत्रिणींनाही सांग. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघालं. मिठाचं एकच सांगते. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, आणि तेही सगळं धरून. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो त्याला अडीचने गुण, म्हणजे त्या पाकिटात किती मीठ आहे ते कळेल. एकदा मॅगीचं पाकीट घेऊन करून बघ.

शेवटी एक गोष्ट, जी दादाला आवडणार नाही पण मला लिहिलीच पाहिजे. आपल्याकडे मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की तिला कणीक मळायला बसवतात आणि मुलगा पदवीधर झाला तरी त्याला पाण्याचा तांब्या हातात देतात. ताईला सगळं येतं आणि तुला चहासुद्धा येत नव्हता, यात तुमच्या दोघांच्या अकलेचा काही संबंध नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढलं, तेव्हा तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसायची आणि आपली कामं आपण करायची. त्या मुलांची पोटं भरावीत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. शंभर वर्षांपूर्वी खेड्यातून आलेली मुलं स्वतःच्या हाताने हे करत होती, तर तुम्हाला अवघड काय आहे? फक्त चौघांत एकच जण करेल आणि तिघं जेवतील असं होऊ देऊ नका. पाळी लावा. ज्याची पाळी त्याने रांधायचं, दुसऱ्याने भांडी घासायची, आणि बाजार चौघांनी आळीपाळीने आणायचा. ज्याला येत नाही त्याने चिरण्यापासून सुरुवात करावी. सुरीला धार ठेवा, बोथट सुरी घसरते आणि बोटावर येते. निसटलेली सुरी हवेत झेलायला जायचं नाही, पाय मागे घ्यायचे आणि पडू द्यायची.

दिवाळीला येशील तेव्हा एक दिवस घरचा स्वयंपाक तू करायचास. वहिनीला मी स्वयंपाकघरात येऊ देणार नाही.

आत्ता मात्र एवढं कर. आज झोपण्याआधी टाकीवरचं अक्षर आणि आकडे वाच, नळीवर छापलेलं साल बघ आणि दोन्ही मला लिहून पाठव. नळी पाच वर्षांहून जुनी असेल तर एजन्सीतून नवी बसवून घेईपर्यंत शेगडी पेटवू नका.

तुझी,
आत्या